पाठीच्या कण्यातला सातबारा



गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीची एक बाई भेटायला आली. हंगामात नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठं खुडते, एरवी चार घरची धुणीभांडी करते. तिची मुलगी जीएनएमला, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंगच्या डिप्लोमाला लागली होती. वस्तीतून त्या वर्षी ती एकटीच. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर राहिला, मुलगी सुट्टीला म्हणून घरी आली आणि परत जायचं नाव काढेना. चुलत्याने स्थळ बघायला सुरुवातही केली होती. बाई ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा. माझी पोरगी मठ्ठ आहे का हो?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितो आहोत. त्या बाईसाठी, आणि ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेली मुलगी आहे त्या प्रत्येक घरासाठी. घरातल्या कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट ही की मुलगी मठ्ठ नाही. आम्ही स्वतः याच विषयात पहिल्या वर्षी नापास झालो होतो. कोणत्या शाळेत ते सांगण्यात अर्थ नाही, त्या काळी बऱ्याच ठिकाणी तसंच शिकवत. बाई पुढे उभ्या राहून पुस्तक वाचत, आम्ही ते उतरवून घेत असू आणि रात्री होस्टेलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत घोकत असू. 'सुपीरियर व्हेना काव्हा' हे आम्हाला पाठ होतं, पण ते कुठे असतं, त्यातून काय वाहतं, हे विचारलं असतं तर तोंड बंद. वॉर्डात तर आणखी फजिती. पुस्तकातल्या चित्रात लिव्हर पानाच्या डाव्या हाताला दिसतं, म्हणून आम्ही पेशंटच्या डाव्या कुशीत हात घातला. सिस्टर सगळ्यांसमोर हसल्या. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, एवढी साधी गोष्ट तोवर कुणी सांगितली नव्हती. पुस्तकातलं 'राइट' आणि 'लेफ्ट' हे नेहमी पेशंटचं असतं. वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहून ठेवावं.

जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. आपल्या मुली बहुतेक आर्ट्सच्या. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नसतं. आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलने 2015 मध्ये जो सुधारित अभ्यासक्रम दिला, त्यात या विषयाला पहिल्या वर्षी 90 तास आहेत. पेशीपासून प्रजननसंस्थेपर्यंत सगळं शरीर 90 तासांत, इंग्रजीतून, आणि पास व्हायला निम्मे गुण. ज्या मुलीच्या घरात डॉक्टर-इंजिनिअर आहेत तिच्या कानावरून निम्मे शब्द आधीच गेलेले असतात. आपल्या मुलीला मात्र हाडाचं नाव, त्याचं स्पेलिंग आणि इंग्रजी वाक्य हे तिन्ही एकाच दिवशी पहिल्यांदा भेटतं. नापास झाली की शिष्यवृत्तीचंही पुढचं अवघड होतं, होस्टेलचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येतो आणि मग चुलता स्थळ घेऊन उभा राहतो.

यावर उपाय वेळेचा आहे, आणि तो वेळ आपल्याकडे असतो. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि नर्सिंगचे प्रवेश रेंगाळत पावसाळ्याच्या शेवटापर्यंत जातात. मधला काळ म्हणजे नेमका वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतोच. आम्ही काही नर्सेसनी एवढंच केलं, की वाचन संपल्यावर आणि रविवारी दुपारी मुलींना तिथेच थांबवून घेतलं. सतरंजी आहे, दिवा आहे आणि आयाही निर्धास्त असतात.

हाडांपासून सुरुवात करावी. हाडं हाताला लागतात, त्यामुळे भीती जाते. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं. हा आकडा ऐकूनच मुली वही मिटतात. पण हे 206 पुस्तकातल्या तक्त्यातून पाठ करायचेच नसतात, ते स्वतःच्या अंगावर मोजायचे असतात. मणक्यांचंच बघा. मानेत 7, छातीच्या मागे 12, कमरेत 5. इंग्रजी पुस्तकांत हे लक्षात ठेवायला न्याहारी, जेवण आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळा सांगतात. आपल्या घरात सात वाजता न्याहारी कोण करतं? आमच्या वर्गातली एक मुलगी पटकन म्हणाली, "ताई, सातबारा!" झालं. सातबारा आणि पंचशील. पुढे 5 मणके एकत्र जुळून माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, सेक्रम, होतं, आणि शेवटी साधारण 4 जुळून माकडहाड, कॉक्सिक्स. आपल्यातल्या फार थोड्यांच्या नावावर जमिनीचा सातबारा आहे, पण पाठीत प्रत्येकीच्या आहे, असं म्हणून मुली हसल्या. त्या दिवसानंतर हा आकडा एकीचाही चुकलेला नाही.

मग आम्हाला नादच लागला. डोक्याच्या कवटीत, मेंदूची पेटी आणि चेहरा मिळून, 22 हाडं आहेत. आपल्या घरात 22 हा आकडा कुणाला सांगायला लागत नाही. या 22 पैकी मेंदूच्या पेटीची 8, तेवढीच अष्टांग मार्गाची अंगं. उरलेली 14 चेहऱ्याची, 14 एप्रिलची. मनगटातही हाडं 8 च. एका हाताच्या बोटांच्या पेरांची हाडं 14, कारण अंगठ्याला दोन आणि बाकीच्या चार बोटांना तीन-तीन. हे शेवटचं तर पाठही करायचं नाही, हात पुढे धरून मोजायचं. यात काही दैवी योगायोग वगैरे नाही, तसं कुणी सांगू लागलं तर त्याला तिथेच थांबवावं. आकडे आकडेच आहेत. पण जे आधीच डोक्यात पक्कं बसलेलं आहे त्याच्या खुंटीला नवीन गोष्ट अडकवली तर ती पडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. जिला क्रिकेटचं वेड आहे तिने क्रिकेटच्या खुंट्या वापराव्यात.

पाली परंपरेत शरीराच्या बत्तीस भागांची यादी आहे, ती अनेक उपासिकांना माहीत असेल. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विशुद्धिमग्गात ती कशी शिकावी हे फार बारकाईने सांगितलं आहे. हेतू ध्यानाचा आहे, शरीरशास्त्राचा नाही. पण शिकवण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. बत्तीस भागांचे पाच-पाच आणि सहा-सहाचे गट पाडायचे, एकेक गट सरळ म्हणायचा, मग उलटा म्हणायचा, आधी तोंडाने, मग मनातल्या मनात. आणि प्रत्येक भागाचा रंग, आकार, दिशा, जागा आणि त्याची हद्द कुठवर हे बघायचं. ॲनाटॉमीच्या कोणत्याही अवयवाला हेच पाच प्रश्न विचारले की निम्मं उत्तर तयार होतं. लिव्हर: रंग तांबूस तपकिरी, आकार पाचरीसारखा, दिशा उजवीकडची, जागा बरगड्यांच्या आत, वर पडद्याला चिकटलेलं, खाली पित्ताची पिशवी. परीक्षेत लिव्हरवर टीप आली तर याच क्रमाने लिहावं आणि मग कामं लिहावीत.

पुस्तक मिटल्यावर काय उरतं

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचणं. मुलगी रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसली की घरच्यांना बरं वाटतं. पण एकच पान चार वेळा वाचलं की ते ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. शेजारच्या गल्लीतली बाई चेहऱ्याने ओळखीची असते, नाव विचारलं तर आठवत नाही, तसंच हे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून आमच्या वर्गात नियम आहे. दोन पानं वाचायची, पुस्तक पालथं घालायचं आणि शेजारणीला सांगायचं, तेही आपल्या बोलीत. अहिराणी येते तिने अहिराणीत, मावची येते तिने मावचीत. जठरात काय होतं हे आईला भाकरी थापता थापता सांगता आलं तर ते समजलं. सांगताना जिथे अडखळतो ती जागा वहीत खूण करून ठेवायची, कारण खरा अभ्यास तेवढाच बाकी असतो. आणि मग तेच इंग्रजीत, तीन छोट्या वाक्यांत लिहायचं. मोठी वाक्यं लिहायचा सोस नको. आज सांगितलेलं उद्या पुन्हा, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. प्रत्येक वेळी पाच मिनिटं पुरतात. सलग तीन तास आपल्या घरात कुणाला मिळतात? पाणी भरायचं असतं, धाकट्याला सांभाळायचं असतं. वीस-वीस मिनिटांचे तुकडे मिळतात, आणि या पद्धतीला तुकडेच चालतात.

एकदा एका मुलीने तक्रार केली की घरी सगळे हसतात, ही एकटीच भिंतीशी बोलते म्हणून. आजीला पकड म्हटलं. आता ती आजी वस्तीत सगळ्यांना पॅन्क्रियास कुठे असतं ते सांगत फिरते.

ओट्यावरचं हृदय

हृदयाचा धडा पुस्तकातून कळत नाही, असं आमचं मत आहे. विहाराच्या ओट्यावर खडूने मोठा चौकोन काढावा आणि त्याचे चार खण करावेत. वरचे दोन अलिंद, ज्यांना इंग्रजीत एट्रियम म्हणतात. खालचे दोन निलय, म्हणजे वेंट्रिकल. दोन्ही बाजूंना दोन मुली फुफ्फुसं म्हणून बसवाव्यात. बाकीच्या मुली म्हणजे रक्त. निळी ओढणी घेतलेलं रक्त शरीर फिरून आलेलं, प्राणवायू देऊन मोकळं झालेलं. (निळ्या ओढण्या आपल्याकडे कधी कमी पडत नाहीत.) हे रक्त खरं तर निळं नसतं, गडद लाल असतं, निळा रंग फक्त चित्रातला, हे मात्र आधीच सांगावं.

निळी ओढणी व्हेना काव्हातून उजव्या अलिंदात येते, झडपेतून उजव्या निलयात उतरते, तिथून पल्मोनरी आर्टरीने फुफ्फुसाकडे जाते. फुफ्फुस झालेली मुलगी निळी ओढणी घेऊन लाल देते. लाल ओढणी पल्मोनरी व्हेनने डाव्या अलिंदात येते, झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि एओर्टामधून सगळ्या अंगाला निघते. दोन-तीन फेऱ्या मारल्या की जो प्रश्न परीक्षेत हमखास फसवतो तो इथे आपोआप सुटतो. आर्टरीत शुद्ध रक्त आणि व्हेनमध्ये अशुद्ध, असं पाठ केलेलं असतं, मग पल्मोनरी आर्टरीत निळी ओढणी कशी? कारण नाव रक्तावरून पडलेलं नाही. हृदयाकडून निघते ती आर्टरी, हृदयाकडे येते ती व्हेन. चालताना पायांना ते कळतं.

झडपांचंही सोपं आहे. उजव्या बाजूची झडप तीन पाकळ्यांची, डाव्या बाजूची दोन पाकळ्यांची. उजव्या फुफ्फुसाचेही भाग तीन, डाव्याचे दोन. उजवं तिनाचं, डावं दोनाचं. डावीकडे हृदयाने जागा घेतलेली असते म्हणून फुफ्फुस थोडं लहान.

फिजिऑलॉजीचं मुख्य काम 'का' विचारणं. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का? उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. शेजारी एक तांब्या पाणी नेऊन देणारी आणि नदीवरून टेकडीवर हंडा आणणारी, दोघींचे दंड सारखे असतील का? लहान मुलाने शेंगदाणा ओढून घेतला तर तो बहुतेक उजव्या फुफ्फुसात का जातो? कारण उजवी श्वासनळी जास्त रुंद आणि जास्त उभी असते. उन्हाळ्यात माठ बाहेरून पाझरतो तेव्हाच आतलं पाणी गार होतं, तसंच घामाचं. ज्या गोष्टीचं 'का' कळलं ती पाठ करावी लागत नाही. मिरचीच्या पथारीवर आयांना दिवसभर ठसका का लागतो, नाकाडोळ्यांतून पाणी का वाहतं, हा प्रश्न आम्ही मुलींना श्वसनसंस्थेच्या आधी घरी विचारून यायला सांगतो. आई आपल्याला धडा सांगू शकते, हे त्या दिवशी मुलींच्या लक्षात येतं.

रक्ताच्या धड्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. नंदुरबार जिल्ह्यात राहून सिकलसेल न समजणारी नर्स ही न शोभणारी गोष्ट आहे. आणि रक्ताची फिजिऑलॉजी समजायला यापेक्षा चांगला धडा नाही.

लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. मधे खोलगट, लवचिक, केसापेक्षा बारीक नळीतूनही अंग चोरून जाणाऱ्या. आयुष्य साधारण 120 दिवस. आत हिमोग्लोबिन, जे प्राणवायू वाहून नेतं. आता एका घरातलं मूल घ्या ज्याला सिकलसेल आहे. त्याच्या हिमोग्लोबिनच्या लांब साखळीत फक्त एक कडी बदललेली असते. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एवढ्याने प्राणवायू कमी पडला की पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळीत अडकते. तिच्या मागे गर्दी साचते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि मूल हाडांच्या कळांनी ओरडतं. वाकड्या पेशी 10 ते 20 दिवसांतच मरतात, मगज तेवढ्या वेगाने नव्या करू शकत नाही, म्हणून रक्त कमी. पेशी फुटून पिवळा रंग सुटतो, म्हणून डोळे पिवळे. पेशी गाळताना प्लीहा, म्हणजे स्प्लीन, आधी सुजते आणि पुढे निकामी होते, म्हणून जंतुसंसर्ग लवकर. एका कडीवरून मगज, रक्तवाहिन्या, लिव्हर, प्लीहा, हाडं अशा पाच संस्था समजल्या. अशा मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीत भिजू देऊ नका, ताप अंगावर काढू नका, असं का सांगतात, तेही समजलं.

आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची समाजात हा आजार आढळतो. पण हा 'त्यांचा' आजार असं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही हा दोष मोठ्या प्रमाणावर सापडलेला आहे, आणि लग्नं जिल्ह्याबाहेरही होतातच. आई-वडील दोघेही नुसते वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट, तरी प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, अगदी मोकळं असण्याची चारात एक. ही शक्यता दर वेळी नव्याने असते. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. आम्ही हे वहीत चार चौकटी काढून मुलींकडून करून घेतो, आणि मग त्यांना घरी जाऊन एका तरी लग्नाच्या वयाच्या माणसाला समजावायला लावतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. 1 जुलै हा नंदुरबार जिल्ह्याचाही जन्मदिवस, 1998 चा. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आधी सोल्युबिलिटी, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी. मुलींनो, स्वतःची करून घ्या. आपला स्वतःचा रिपोर्ट हातात धरून रक्ताचा धडा वाचला की तो वेगळाच वाचला जातो.

शब्दांबद्दल थोडं. इंग्रजी वैद्यकीय शब्द लांब दिसतात, पण ते डब्यांची गाडी आहेत. डबे सुटे केले की घाबरायचं कारण नाही. 'आयटिस' म्हणजे सूज, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं, 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी, 'टॅकी' वेगाने, 'ब्रॅडी' संथ, 'ऑस्टिओ' हाडाचं, 'नेफ्रो' किडनीचं, 'हेपॅटो' लिव्हरचं, 'एरिथ्रो' लाल, 'ल्युको' पांढरं. एवढे पाठ झाले की नेफ्रायटिस, ब्रॅडीकार्डिया, एरिथ्रोसाइट न शिकता कळतात. रोज पाच डबे, जास्त नाही. आणि घरातली जुनी डिस्चार्ज कार्डं काढून बसा. वस्तीत कितीतरी बायांची 'पिशवी काढलेली' आहे. त्यांच्या कागदावर हिस्टेरेक्टॉमी लिहिलेलं असतं आणि त्यांना त्याचा अर्थ कधी कुणी सांगितलेला नसतो. कागद बघण्याआधी त्या बाईला विचारायचं, आणि तिची गोष्ट वर्गात नाव घेऊन सांगायची नाही. नर्सिंगची ही शिस्त इथूनच लागावी.

लाजेबद्दलही बोललं पाहिजे. प्रजननसंस्थेचा धडा आला की मुली मान खाली घालतात, आणि तेच पान वाचायचं राहून जातं. दर वर्षी त्यावर प्रश्न असतो, दर वर्षी गुण जातात. आम्ही सगळे शब्द, मराठी आणि इंग्रजी, एकेकीला उभं करून मोठ्याने म्हणायला लावतो. पहिल्या दिवशी हसण्यात जातो, दुसऱ्या दिवशी कुणी हसत नाही. उद्या धडगावच्या पाड्यावर एखादी बाई अडलेली असेल तेव्हा 'तिथे दुखतंय' यावर नर्सचं भागत नाही. उलट त्या बाईच्या बोलीत पोट दुखतंय म्हणजे नेमकं कुठलं दुखणं, हे आपल्या मुलींना पुण्या-मुंबईच्या नर्सपेक्षा लवकर कळेल.

पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहेत, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तोच धडा दोन्ही पुस्तकांत शेजारी शेजारी ठेवून वाचावा, चित्रंही तीच असतात. महिनाभर हे केलं की मग रॉस आणि विल्सनचं पुस्तक, जे बहुतेक नर्सिंग शाळांच्या ग्रंथालयात असतं, ते जड वाटत नाही. जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल, माणसाची हाडं बदललेली नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे असतील तर दहा मिनिटांचा एक बघून फोन ठेवायचा आणि वहीत चित्र काढायचं. चित्र पेन्सिलने, नावं एका बाजूला सरळ रेषेत. चित्र सुंदर नसलं तरी चालतं, बाणाचं टोक नेमकं टेकलं पाहिजे.

आणि मायबापहो, फी भरण्याआधी त्या संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे यादीत बघून घ्या. प्रवेशाचे नियम दर वर्षी बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. गोड बोलणारा एजंट वाचून दाखवेल त्यावर जाऊ नका.

पथारीवरच्या बाईची मुलगी वर्गाला येऊ लागली. पहिले दोन रविवार ती मागे भिंतीला टेकून बसली, काही बोलली नाही. तिसऱ्या रविवारी ओट्यावर हृदय काढलं तेव्हा एक लहान मुलगी लाल ओढणी घेऊन उजव्या खणात शिरली, आणि ही मागून ओरडली, "अगं, तिकडे कुठे, डावीकडे!" आता हाडं आणि हृदय तीच शिकवते. तिचा राहिलेला पेपर पुढच्या महिन्यात आहे. स्थळाचं चुलत्याला तूर्त थांबायला सांगितलं आहे.

येत्या रविवारी किडनी घेणार आहोत. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड लिटरच लघवी म्हणून बाहेर जातं, बाकी सगळं परत रक्तात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे बारा हंडे होतात. ते ओट्यावर मांडून बघायचे आहेत. मुलींनी वही-पेन्सिल आणावी, आणि ज्यांच्या घरी दुपारी हंडा रिकामा असेल त्यांनी तो घेऊन यावं.